स्विचबोर्डाच्या उंचीवर

रोज दुपारी जेवणाच्या सुमारास सुमनताईंकडून यशूचा एक फोटो येतो, आणि त्यात यशू परदेशी निघाल्यासारखी दिसते.

पांढरी भिंत. मधोमध चेहरा. दोन्ही कान उघडे. खांद्याखाली दोन बोटं गेलं की फोटो संपतो. यशू म्हणजे आमची यशोधरा. ती दहा महिन्यांची आहे आणि तिला अजून कुठेही जायचं नाही.

सुमनताईंचं पाळणाघर आमच्याच सोसायटीत, बी विंगला तळमजल्यावर आहे. माझं ऑफिस तळवड्याला आयटी पार्कात. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी चिखलीतली सगळी पाळणाघरं बघितली आणि शेवटी खिडकीतून दिसेल असं हे निवडलं. खिडकीतून म्हणजे आमच्या घराच्या खिडकीतून. ऑफिसातून दिसत नाही, म्हणून फोटो. फोटोची अट मीच घातली होती.

फोटो काढतात ते ज्योतीरामकाका, सुमनताईंचे यजमान. देहूरोडला त्यांचा स्टुडिओ होता. भरतीला आलेली पोरं, फॅक्टरीतले कामगार, कॉलेजच्या ओळखपत्रवाल्या मुली, सगळ्यांचे त्यांनी पासपोर्ट साइज काढले. मोबाइल आले, स्टुडिओ गेला, काकांचा हात राहिला. वाढदिवसाचा केक समोर असला तरी ते केक कापायच्या आधी फोटो कापतात. आमच्या शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाचे फोटो त्यांनी काढले होते, त्यात पूजा कुठेच नव्हती. जोडप्याचे चारही कान मात्र स्पष्ट होते.

पहिल्या दिवशी यशूला सोडताना मी सुमनताईंना एकच सांगितलं होतं.

"ताई, तिला सारखं कडेवर घेऊ नका हं. सवय लागते. खाली मॅटवर ठेवा, खेळेल."

"बरं," सुमनताई म्हणाल्या.

"रडली तरी लगेच नका उचलू."

"बरं."

मी बरंच वाचलेलं होतं आणि सुमनताई सगळ्याला बरं म्हणत होत्या, त्यामुळे मला जास्तच काळजी वाटायला लागली. मी मनाशी ठरवून ठेवलं की पाळणाघरात काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी नोकरी सोडायची. चर्चा करायची नाही. रतनलाही तसं सांगून ठेवलं. रतन म्हणजे माझा नवरा, बुद्धरत्न. तो म्हणाला, "वेगळं म्हणजे काय?" मी म्हटलं, "दिसल्यावर कळेल." तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाला, "असं चालत नाही. वेगळं कशाला म्हणायचं ते आधी ठरवायचं असतं."

पण फोटोत वेगळं काय, काहीच दिसत नव्हतं. यशू होती, यशूचे कान होते. मी फोटो मोठा करून बघायचे. तिच्या डोळ्यांतल्या बुबुळात समोरची खिडकी दिसायची, खिडकीसमोर फोन धरलेले काका दिसायचे, राईएवढे. पुढे नुसते चौकोन. ऑफिसात माझ्या शेजारी प्राजक्ता बसते. ती एकदा म्हणाली, "अगं, पोरगी आहे ती, सीसीटीव्ही नाही."

"आजूबाजूला काय आहे ते दिसत नाही गं."

"पाळणाघर असेल."

तिचं लग्न व्हायचं आहे.

मग एका मंगळवारी काकांचा हात चुकला. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, यशूच्या डाव्या कानाच्या वर, राखाडी रंगाचं काहीतरी आलं. मी मोठं करून बघितलं. स्विचबोर्ड होता. खालच्या रांगेतली दोन बटणं आणि प्लगची तीन भोकं.

मी डबा बंद केला.

स्विचबोर्ड जमिनीजवळ नसतो. आमच्या सोसायटीत बिल्डरने सगळ्या घरांत तो एकाच उंचीवर लावलाय, माझ्या खांद्याला येतो. आणि यशूचं डोकं त्याला टेकलेलं होतं. यशू उभी राहत नाही. धरून राहते, तेव्हाही सोफ्याच्या कडेपर्यंतच येते. म्हणजे मॅटवर काही ती नव्हती. ती भिंतीवर होती.

संध्याकाळी मी रतनला फोटो दाखवला. मला वाटलं, तो हसेल. त्याने फोटो बघितला, उठला, बॅगेतून स्टीलचा टेप काढला आणि हॉलमधल्या बुद्धाच्या फोटोखालचा आमचा स्विचबोर्ड मोजला. मग यशूला जमिनीवर बसवून तिला मोजलं. तिला टेप आवडला. मग आकडा आकड्यातून वजा केला.

"तिच्या खाली काहीतरी आहे," तो म्हणाला. "तीन फुटांच्या आसपास उंचीचं."

"काय असेल?"

"वॉशिंग मशीन."

"वॉशिंग मशीनवर बसवतात तिला?"

"किंवा ओटा. पण ओट्यामागे टाइल्स असतात. ही भिंत साधी आहे." त्याने फोटो पुन्हा जवळ धरला. "पांढरं बॅकग्राउंड मिळावं म्हणून बसवत असतील. काकांना बॅकग्राउंड लागतं."

"आणि ती पडली तर?"

"म्हणूनच मी म्हणतो, फोटो कापायचा नसतो," रतन म्हणाला. हे तो घरात पहिल्यांदाच म्हणत होता, पण कंपनीत रोज म्हणतो. त्यांच्याकडे खराब पार्टचा फोटो काढायचा तर नुसत्या ओरखड्याचा चालत नाही. अख्खा पार्ट, त्यावरची चिठ्ठी, तो ज्या ट्रेमध्ये होता तो ट्रे, सगळं आलं पाहिजे. एकदा एका ऑपरेटरने ओरखडा नीट दिसावा म्हणून बाकीचं कापून फोटो पाठवला. त्या ओरखड्याच्या पुढे चीर होती. ती कापलेल्या भागात गेली. "साहेबांनी विचारलं, बाजूला काय होतं? कुणालाच सांगता येईना."

"आपल्या बाजूला काय आहे?" मी विचारलं.

"तेच बघायचं," तो म्हणाला.

गुरुवारी रतनला सुट्टी असते. एरवी गुरुवारी यशू त्याच्याकडेच असते. त्या गुरुवारी आम्ही तिला मुद्दाम पाठवलं आणि मी अर्धा दिवस टाकून जेवणाच्या आधी परत आले. रतन बी विंगच्या जिन्यापाशी थांबला होता. खिशात टेप होता.

"टेप कशाला?"

"असू दे."

दार काकांनी उघडलं. आम्हा दोघांना बघून त्यांना नवल वाटलं नाही, किंवा वाटलं तरी त्यांनी चेहरा सरळ ठेवला. आयुष्यभर लोकांना चेहरा सरळ ठेवायला सांगितल्यावर तेवढं जमत असणार.

"या, राव. आज जोडीनं?"

हॉलमध्ये मॅट होती. मॅटवर दोन पोरं प्लास्टिकच्या एकाच ट्रॅक्टरवरून भांडत होती. यशू मॅटवर नव्हती. वॉशिंग मशीन मला दारातूनच दिसलं, बाल्कनीत होतं, आणि त्यावर बादल्या होत्या. यशू त्यावरही नव्हती.

यशू सुमनताईंच्या कडेवर होती.

त्या स्वयंपाकघरात एका हाताने खिचडी ढवळत होत्या. दुसरा हात यशूखाली. यशूने त्यांच्या पदराचा कोपरा चघळून ओला केला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मंगळसूत्र बसमधल्या कडीसारखं धरलं होतं. इतकं सवयीचं धरलं होतं की तिला ते धरलंय हेसुद्धा माहीत नसावं. तिने माझ्याकडे बघितलं. हसली. मग सुमनताईंच्या खांद्यावर डोकं परत ठेवलं. लिफ्टमध्ये ऑफिसातलं कुणी भेटलं की आपण हसतो तसं.

"आत्ताच घेतली वो," सुमनताई म्हणाल्या.

पदर बराच ओला होता.

"असू दे, ताई," मी म्हटलं. वॉशिंग मशीनवर बोलायची माझी तयारी झाली होती, कडेवर बोलायची नव्हती.

रतनने हॉलमधला स्विचबोर्ड शोधला. खिडकीसमोरच्या भिंतीवर होता. बाकीच्या भिंतीवर पोरांनी हात पोचेल तिथपर्यंत खडूने रंगवलं होतं, वरचा पट्टा तेवढा पांढरा होता. तो स्विचबोर्डाकडे बघत राहिला, मग सुमनताईंच्या कमरेकडे बघितलं, आणि टेप खिशातून काढलाच नाही.

"फोटोची येळ झालीच हाय," काका म्हणाले. "आलाच हायसा तर बघून जा."

मग मी तो फोटो कसा निघतो ते बघितलं. सुमनताई खिचडीचा गॅस बंद करून आल्या आणि स्विचबोर्डाशेजारी पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी काही सांगितलं नाही. काकांनी यशूचे केस दोन्ही कानांमागे सारले. खिडकीपाशी जाऊन फोन धरला आणि तोंडाने कसलासा चिक् आवाज काढला. त्या क्षणी सुमनताईंनी मान पलीकडे वळवली. शेजारच्याच्या फोनमध्ये बघायचं नाही म्हणून आपण वळवतो तशी. तेवढी जागा झाली. यशूने काकांकडे बघितलं, फोटो निघाला, आणि सुमनताईंची मान परत जागेवर आली. काकांनी लगेच अंगठ्याने फोटोचे कोपरे आत ओढायला सुरुवात केली.

"काका, थांबा," रतन म्हणाला. "कापू नका."

"का?"

"आहे तसा पाठवा."

"आहे तसा म्हंजी, त्यात बाकीचं पण येतं."

"येऊ द्या ना. आमच्याकडे फोटो कापला तर अख्खा लॉट परत येतो. समोरचा विचारतो, बाजूला काय होतं."

"आमच्याकडं न्हाई कापला तर परत यायचा," काका म्हणाले. "जवानाचा फोटो काढला आन् मागं त्याची सायकल आली, तर ती पण भरती व्हायची का? फोटो कशाचा हाय ते बघायचं. बाकीचं ठिवून उपेग काय?"

"बाकीच्यावरून कळतं ना, काका. पार्ट कुठं होता, कसा होता."

"पोरगी पार्ट हाय का तुमची?"

काका रतनला दुखवल्यासारखं नको म्हणून समजुतीने बोलायला लागले. "त्याचं कसंय साहेब, ल्हान पोरांचा पासपोर्ट काढायचा तर ती बसत न्हाईत. मान धरत न्हाईत. मग आईला मागं बसवायची. आई धरती पोराला. फोटो काढला की आई कापायची. एवढी वरसं मी काय केलं? आयाच कापल्या."

"पण इथं पासपोर्ट काढायचा नाहीये," मी म्हटलं.

"न्हाई," काका म्हणाले आणि त्यांनी सुमनताईंकडे बघितलं.

सुमनताई खाली बसल्या. यशू मांडीवर सरकली, मंगळसूत्र न सोडता.

"मीच सांगितलंय त्यास्नी," त्या म्हणाल्या. "मला कापा म्हणून."

"मी कडेवर घेऊ नका म्हटलं म्हणून?"

"ते हायच. पण त्याच्या आधीपासनं." त्यांनी यशूच्या हातातून मंगळसूत्र सोडवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "ती मोनिका न्हाई का, तुमच्या डी विंगची? तिचं पोरगं हुतं आमच्याकडं, समर्थ. तवा ह्यांनी असाच फोटू धाडला, आख्खा. पोरगं माझ्या गळ्यात पडलेलं. झोपलेलं हुतं. चांगला फोटू हुता."

"फोकस चांगला हुता," काका म्हणाले.

"संध्याकाळी मोनिका आली, पोराला घिऊन गेली. दुसऱ्या दिवशी न्हाई आली. मी वर जाऊन इचारलं, काय चुकलं का? म्हणली, न्हाई काकू, तुमचं काय चुकलं न्हाई. आन् मोशीला मोठ्या पाळणाघरात घातलं त्याला. तिथं लई बाया हायत म्हणं, रोज येगळी." सुमनताईंनी पदराने यशूची हनुवटी पुसली. "मग मी ह्यांना म्हणलं, तुमाला येतंय ना कापायला? कापा मला."

ट्रॅक्टरवरून भांडणाऱ्या पोरांपैकी एक रडायला लागलं. काका उठून त्याच्याकडे गेले.

मोनिकाला मी लिफ्टमध्ये भेटते. नेहमी घाईत असते. मला वाटायचं, तिचं पाळणाघर लांब आहे म्हणून.

"सवय लागू नये म्हणून मी सांगितलं होतं," मी म्हटलं. हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. कुणी विचारलं नव्हतं.

"लागलीय की सवय," काका ट्रॅक्टर हातात घेऊन तिकडून म्हणाले. "पर पोरीला न्हाई लागली."

"तुमी गप बसा," सुमनताई म्हणाल्या.

मी यशूला घ्यायला हात पुढे केले. ती आली. लगेच आली, तेवढं मी लक्षात ठेवलं. माझ्या कानातलं ओढलं, माझ्या नाकावर हात आपटला, सगळं नेहमीसारखं केलं. मग वळून सुमनताई कुठे आहेत ते बघितलं. होत्या. मग पुन्हा माझ्या नाकाकडे वळली.

घरी येताना यशूला मी घेतलं होतं आणि रतन टेपचं बटण दाबून तो आतबाहेर करत होता.

"मग?" तो म्हणाला. "रिझाइन करतेस?"

"कशाला?"

"वेगळं काही दिसलं तर त्याच दिवशी सोडणार होतीस. चर्चा न करता."

"वॉशिंग मशीनवर नव्हती ती."

"नव्हती. पण वेगळं दिसलं ना?"

मोनिकाने काय बघितलं होतं ते मला कळत होतं. मूल पडेल, भाजेल, उपाशी राहील, ह्या सगळ्याची तयारी करून आपण कामावर जातो. ते आपल्यावाचून खुशाल राहील ह्याची तयारी कुणी केलेली नसते. रतन दारात चपला काढताना म्हणाला, "मी काकांना सांगितलंय, उद्यापासून कापायचा नाही. जे आहे ते दिसू दे. नंतर तू ठरव."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी डबा उघडून फोनकडे बघत बसले. फोटो जरा उशिरा आला.

सगळं आलं होतं. स्विचबोर्ड, त्याखालची खडूच्या रेघोट्यांची भिंत, स्वयंपाकघराचं दार, दारात उभा ट्रॅक्टरवाला पोरगा, एका कोपऱ्यात काकांचा अंगठा. आणि मधोमध सुमनताई. आज आपण फोटोत असणार हे त्यांना माहीत होतं. मोरपिशी रंगाची, बहुतेक लग्नाकार्यातली साडी नेसल्या होत्या. केस चापून बसवलेले. मान सरळ, नजर समोर, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, दोन्ही कान दिसत होते. रेशन कार्डाला चालला असता असा फोटो.

यशू त्यांच्या कडेवर होती आणि कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. काकांनी चिक् केलंच असणार. पण रोज पलीकडे वळणारी मान आज वळली नाही, एवढ्या जवळ तो चेहरा तसाच राहिला, ह्याचं तिला नवल वाटलं असावं. ती मान वर करून त्यांच्याकडे बघत होती आणि हसत होती. तोंड पूर्ण उघडं, खालचे दोन दात दिसत होते.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी पोरगा गेला, मग दार, मग काकांचा अंगठा. मग मोरपिशी साडी गेली. अजून थोडा मोठा केला, तेव्हा सुमनताईंची हनुवटीही गेली आणि नुसती यशू राहिली. पांढरी भिंत, चेहरा, एक कान. छान होता फोटो. स्क्रीनशॉट काढून ठेवला असता तर हा मी कापलेला फोटो झाला असता.

प्राजक्ता खुर्ची ढकलत जवळ आली.

"बघू. अय्या, केवढी हसतेय. आज पासपोर्ट नाही काढला?"

"नाही."

"कुणाकडे बघून हसतेय?"

स्क्रीनवर यशू वरच्या कोपऱ्याकडे बघून हसत होती. तिथे भिंत होती. रतनच्या साहेबांसारखं कुणी विचारलं असतं, बाजूला काय होतं, तर त्यावरून सांगता आलं नसतं.

मी बोटं परत जवळ आणली. हनुवटी आली, साडी आली, ट्रॅक्टर आला.

"सुमनताईंकडे," मी म्हटलं. "आमच्या सोसायटीतल्या. त्या सांभाळतात तिला."

"साडी भारी आहे."

"आज नेसल्यात."

मग मी सुमनताईंना लिहिलं की फोटो छान आलाय, यशू हसतेय, ताई, तुम्ही पण हसा पुढच्या वेळी. पाठवायच्या आधी वाचून बघितलं. शेवटचं खोडलं, तेवढं एकदम नको वाटलं. त्याऐवजी लिहिलं की सोमवारी मला यायला अर्धा तास उशीर होईल, चालेल का.

उत्तर लगेच आलं. "बरं."